शनिवारची सही

मागच्या मार्गशीर्षात मुलीच्या जन्माचा दाखला काढायला गावी गेले होते. तिला पासपोर्ट काढायचा होता आणि इतक्या वर्षांत तो कागद आम्ही कधी हातातच घेतला नव्हता. ग्रामपंचायतीत आता संगणक आहे, टाइल्स आहेत, पाण्याचं मशीन आहे. ग्रामसेवक म्हणजे कोवळा पोरगा, मला आजी म्हणाला, खुर्ची दिली. पण लाईट गेलेली. "एक तास तरी लागन, आजी." मी बसून राहिले नाही. बाहेर पडले आणि बाजाराच्या रस्त्याला लागले.

आमचं गाव नाकाडोंगरीच्या अलीकडे, चिखल्याच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. रस्ता रुंद झालाय, पण धूळ तीच. मँगेनीजची काळी धूळ सागाच्या पानांवर बसते आणि पाऊस पडेपर्यंत उठत नाही. बाजाराच्या तोंडाशी दोन खोल्यांचं एक कौलारू घर होतं. तिथे आता मोबाईल रिचार्जचं दुकान आहे. कौलं गेली, पत्रे आले. दाराची चौकट मात्र तीच, आणि तिच्या उजव्या अंगाला, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, बोटभर लांबीचा एक तिरपा फिकट डाग. वरखाली खिळ्याचं एकेक भोक. दुकानवाल्याला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "काय की काकू, पहिलेपासूनच हाय."

त्या जागी धर्मवचनांची गुंडाळी ठेवलेली एक लहानशी पितळी डबी असायची. आत जाता-येता त्या घरात राहणाऱ्या मिलकाबाई तिला बोटं लावायच्या आणि ती बोटं ओठांना लावायच्या. हातात बाळंतपणाची बॅग असली तरी, घाई असली तरी.

गाव त्यांना नर्सबाई म्हणायचं. जन्म कुलाबा जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या गावचा, नर्सिंग मुंबईत शिकलेल्या. नवरा खाणीतल्या पंपांवर फिटर म्हणून इकडे आला, त्याच्या मागे त्या आल्या. नवरा वारला तेव्हा त्या पन्नाशीच्या आत होत्या. मूलबाळ नव्हतं. भाऊ-बहिणी एकेक करून इस्रायलला गेले होते आणि दर दोन महिन्यांनी पातळ निळं पाकीट यायचं, ये म्हणून. बाई जात नव्हत्या. का, ते मी एकदाच विचारलं. "तिकडे मला कोण ओळखतं गो?" त्या म्हणाल्या. "इथे निदान अर्ध्या गावाला मी नागडं पाहिलंय."

ते खरंच होतं. आसपासच्या पाच गावांतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर आलेली. पण त्या कोण आहेत ते गावाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. माझ्या सासूबाई हात हलवून म्हणायच्या, "ते ख्रिस्ती नोहोय, मुसलमान नोहोय, मंग हाय तरी कोन?" बाईंना विचारलं तर त्या सांगायच्या, "बेने इस्रायल. दोन हजार वर्षांपूर्वी गलबत फुटलं आणि आम्ही कोकणात लागलो." ऐकणारा मान डोलवायचा आणि घरी जाऊन सांगायचा की नर्सबाईचं जहाज बुडालं होतं, बिचारी त्यातून वाचली.

मी त्या गावात सून म्हणून आले तेव्हा वीस वर्षांची होते. आम्ही बौद्ध. सासरे रोजगारीवरून वर आलेले, नवरा खाणीत टाइमकीपर. मी मॅट्रिक पास. त्या काळी बौद्धपुऱ्यात मॅट्रिक झालेली सून म्हणजे बघायला येण्याची गोष्ट होती. लोक यायचे, मी चहा करायचे, ते माझ्याकडे बघायचे, मी जमिनीकडे. बाईंकडे पहिल्यांदा गेले ती थोरल्याच्या वेळी, दिवस राहिले म्हणून. शुक्रवारची संध्याकाळ होती, पण ऊन अजून अंगणात होतं. घर झाडून लख्ख. कार्बोलिक साबणाचा वास, त्याच्यामागे नारळाच्या दुधाचा. नारळ आमच्याकडे पूजेपुरता. ह्या बाई तुमसरच्या बाजारातून आणून त्याचं दूध काढायच्या, म्हणजे मला चैनच वाटली. ताटात भिजवलेले पोहे, त्यात गूळ, खोबरं, वेलची. त्याला मलिदा म्हणायचं. पोहे आमच्याच बांधीतल्या धानाचे, पण चव अशी की आपलं धान कोणीतरी लांबच्या प्रवासाला नेऊन परत आणलंय. मग सूर्य टेकायच्या आधी त्यांनी काचेच्या पेल्यात तेलावर वात तरंगवली, पेटवली, डोळ्यांवर हात धरले आणि काहीतरी पुटपुटल्या. "आता उद्या संध्याकाळपर्यंत मी चूल पेटवणार नाही, लिहिणार नाही, शिवणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि कोणी बाळंतीण आली तर?" "मग काय. जीव वाचवायला सगळं चालतं. देव काय वेडा नाही."

त्यानंतर दीड-दोन वर्षांत ग्रामपंचायतीची निवडणूक आली. बायकांच्या दोन जागा असायच्या, पण त्या दोन जागांवर बसलेल्या बाया कोणी पाहिल्या नव्हत्या. त्यांच्या घरी रजिस्टर जायचं आणि अंगठे घेऊन यायचं. त्या वर्षी वरून काहीतरी कागद आला होता की बाया प्रत्यक्ष हजर पाहिजेत. सरपंचांनी डोकं चालवलं. एका जागेला नर्सबाई, दुसरीला बौद्धपुऱ्यातली सून. दोघी कोणाच्या गोतातल्या नाहीत, म्हणजे दोघी दबून राहतील. ते आमच्या ओसरीवर येऊन सासऱ्यांना म्हणाले, "तुमची सूनबाई शिकलेली हाय. सही करते. आनखी काय पाहिजे?"

मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, आनंद झाला. आमच्या घरातलं कोणी पंचायतीत बसणार होतं. मला कोणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते.

पहिल्या सभेला मी बाईंच्या मागे मागे गेले. पुरुष खुर्च्यांवर, आणि आमच्यासाठी भिंतीकडे सतरंजी घातलेली. मी चप्पल काढून बसायलाच लागले होते. बाई दारात उभ्या राहिल्या. पांढरं सुती पातळ, हातात छत्री, कपाळाला काही नाही. चपराशी दसरथ पाण्याची घागर घेऊन उभा होता. बाई त्याला म्हणाल्या, "दसरथ, दोन खुर्च्या दे."

खुर्च्या आल्या. मी माझ्या खुर्चीच्या फक्त टोकावर बसले. तशीच मी पुढची चार वर्षं बसले, हे आता लिहिताना माझा मलाच राग येतो.

त्याच सभेत बाईंनी विषय काढला. गावात एक बाळंतखोली पाहिजे. सिमेंटची जमीन, मोठी खिडकी, जवळ पाणी, आणि दाराला कडी आतून. बस. आधीच्याच पावसाळ्यात आमच्या पुऱ्यातली एक बाई बैलगाडीतून तुमसरला नेताना वाटेतच गेली होती, पोटातल्या बाळासकट. बाईंनी तिला गाईच्या गोठ्यात, पेंढ्यावर तपासलं होतं, कारण घरात तेवढाच आडोसा होता. "मला जमिनीवर शेण नको आणि डोक्यावर प्रकाश पाहिजे," बाई म्हणाल्या, "एवढंच मागतेय." पंचायतीला लागून मोकळी जागा होती. ती जागा सरपंचांना दुकानाच्या गाळ्यांसाठी हवी होती. ते गोड माणूस होते, कोणाला नाही म्हणत नसत. "चांगला विषय हाय. घेऊ, पुढल्या सभेत घेऊ."

पुढची सभा, त्याच्या पुढची सभा. बाई विषय काढायच्या, इतिवृत्तात तो यायचाच नाही. त्या इतिवृत्त वाचून दाखवायला लावायच्या, मग सही करायच्या आधी खाली आपल्या हाताने लिहायच्या: बाळंतखोलीचा विषय मांडला, नोंद घेतली नाही. दर महिन्याला. त्यांचं अक्षर मोठं, गोल, काळ्या शाईचं. त्या पानांवर तेवढंच अक्षर डोळ्यांत भरायचं.

मग दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात सभेचा वार बदलला. शनिवार. शनिवारी आमच्या गावचा बाजार, सगळे सदस्य गावातच असतात, सोयीचं पडतं. ह्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. बाईंनीच मला सांगितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं.

त्या पहिल्या शनिवारी त्या आल्या. चालत, छत्री न घेता, हात मोकळे. सभेत बसल्या, बोलल्या, बाळंतखोलीचा विषय काढला. शेवटी रजिस्टर फिरलं तेव्हा म्हणाल्या, "आज मी लिहीत नाही. दिवस मावळला, चांदण्या दिसल्या की येऊन सही करते."

सरपंच म्हणाले, "तवा तं ऑफिस बंद राह्यते."

"मग उद्या सकाळी."

"रजिस्टर कुलपात राह्यते बाई. तुम्ही अंगठा लावून द्या ना."

कोणीतरी हसलं. बाईंचा चेहरा मी बाजूने पाहत होते. अंगठा. मुंबईच्या इस्पितळातून सर्टिफिकेट घेऊन आलेल्या बाईला. "अंगठाही लिहिण्यातच येतो," त्या शांतपणे म्हणाल्या.

मागून एक सदस्य बोलला, "शनवारी सुई टोचता तं चालते, मंग पेन काहून नाई चालत?"

"सुईनं माणूस वाचतो," बाई वळून म्हणाल्या. "ह्या सहीनं कोण वाचतो ते सांगा, लगेच करते."

 मला तेव्हा इतकं बरं वाटलं, की मी मनातल्या मनात ते वाक्य घरापर्यंत म्हणत गेले. पण रजिस्टरमध्ये बाईंच्या नावापुढची रेघ रिकामी राहिली. त्यांनी वार बदलण्यासाठी अर्ज दिला, रविवारी बसून लिहिलेला. त्यावर "पाहू" असा शेरा आला.

दुसरी सभा रोवण्याच्या दिवसांत. गावात माणूस नव्हतं, बांध्यांमध्ये चिखलाचा आणि पऱ्ह्यांचा, धानाच्या ओल्या रोपांचा वास, बायकांची गाणी लांबून पंचायतीच्या खिडकीपर्यंत यायची. बाई आल्या. तिसरी पोळ्याच्या आसपास, बैलांच्या शिंगांना लावलेल्या रंगाचे डबे पंचायतीच्या पायरीवर. बाई आल्या. चौथ्या सभेच्या आदल्याच आठवड्यात त्यांचा दार लावून घ्यायचा सण झाला होता. त्या दिवशी त्या पांढरं नेसून, दार-खिडक्या बंद करून, उपाशी, कोणाशी न बोलता बसायच्या. त्या उपासाने चेहरा उतरलेला, तरी आल्या. पाचवीला धान पिवळं पडलेलं, सहावीला कापणी. दर वेळी चालत आल्या, दर वेळी त्याच खुर्चीवर बसल्या, दर वेळी दसरथने त्यांना पितळेच्या गडव्यातून पाणी दिलं, कारण त्या दिवशी केलेला चहा त्या घेत नसत. आणि दर वेळी माझी सही त्यांच्या रिकाम्या रेघेच्या खालोखाल.

डिसेंबरात त्यांना नोटीस आली. सलग सहा मासिक सभांना गैरहजर, सबब सदस्यत्व रद्द का करू नये.

बाईंनी नोटीस माझ्यापुढे धरली. मी बाजारातून वांगी घेऊन चालले होते. त्या हसत होत्या, खरोखर हसत होत्या. "बघ, मी आलेच नव्हते म्हणे. मग तुझ्या बाजूला कोण बसत होतं, माझं भूत?" मग म्हणाल्या, "भंडाऱ्याहून चौकशीला साहेब येणार आहे. तुला विचारेल. तू सांगशील ना?"

"हो बाई," मी म्हणाले.

आमचा जागेचा अर्ज तेव्हा पंचायतीत पडून होता. बौद्धपुऱ्यात एका खोलीत आम्ही नऊ माणसं. पांदणीकडची, म्हणजे गाडीवाटेकडची, एक आबादी जागा मामाजींनी घर बांधायला मागितली होती, तीन वर्षं. साहेब यायच्या आदल्या सकाळी सरपंच ओसरीवर आले, पान खाल्लं, पोरांना गोळ्या दिल्या. जाताना मामाजींना म्हणाले, "तुमची जागा ह्या महिन्यात करून टाकू." मग माझ्याकडे न बघता, "आनं सूनबाईले म्हना, उद्या जास्त बोलजो नको."

मामाजींनी मला काहीच सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. नवरा एवढंच म्हणाला, "तुले जे वाटते ते कर." आणि बाहेर निघून गेला. त्यापेक्षा त्याने मला बोल म्हटलं असतं किंवा नको म्हटलं असतं, तर आज राग धरायला कोणीतरी दुसरं असतं.

विस्तार अधिकारी जाडजूड, सौम्य माणूस होते. रजिस्टर उघडून बसले. एकेका सदस्याला विचारलं. बाई होत्या का? नव्हत्या. होत्या का? सही नाही साहेब, म्हणजे नसतीलच. बाई समोरच बसल्या होत्या, त्यांच्याबद्दल असं बोलत होते, जणू त्या आताही तिथे नव्हत्या. मग माझं नाव आलं.

"तुम्ही शेजारी बसत होत्या म्हणे. बाई सभेला येत होत्या का?"

मला अजून आठवतं, बाहेर कोणीतरी धान वाऱ्यावर उफणत होतं आणि कोंडा खिडकीतून आत येत होता. सरपंच आपल्या घड्याळाला चावी देत होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्यावर ओझं पडू नये म्हणून असेल.

"माझं ध्यान नसे, साहेब," मी म्हणाले.

एवढंच. खोटंही धड बोलले नाही.

तेवढ्यात दाराशी उभा असलेला दसरथ बोलला. "साहेब, मी तं दर खेपेस पानी देलो बाईले. साही खेपेस."

सरपंच खेकसले, "तू मेंबर हायेस का रे?"

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, पेन उचललं, आणि पुन्हा खाली ठेवलं. चपराशाचा जबाब घ्यायचा की नाही ह्याचा त्यांनी बहुधा क्षणभर विचार केला. घेतला नाही. बाई उठल्या, पदर सारखा केला आणि गेल्या. दारात त्यांनी दसरथला हात जोडले. मला नाही.

संक्रांतीनंतर त्यांचं सदस्यत्व गेलं. शिमग्याच्या आधी आम्हाला जागा मिळाली. पांदणीकडे आम्ही घर बांधलं, माझी मुलं त्या घरात मोठी झाली, आणि त्या घराच्या भिंतीला टेकून मला एक दिवस निवांत बसता आलं नाही. मी भंडाऱ्याला पत्र लिहिलं. बाई सहाही सभांना हजर होत्या, मी शेजारी होते, मी तेव्हा बोलले नाही. दोनदा लिहिलं. दुसऱ्या वेळी उत्तर आलं: प्रकरण निकाली काढण्यात आले आहे. ते पत्र घेऊन मी बाईंच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

मुलगी झाली ती त्याच्या पुढच्या वर्षी. शनिवारी सकाळी कळा सुरू झाल्या आणि बाळ आडवं होतं. सासूबाईंनी मला न विचारता आपल्या मुलाला नर्सबाईकडे पिटाळलं. मी म्हणत होते, नको, त्या येणार नाहीत. बाई आल्या. हातात बॅग, बाह्या वर. खिडकीचं पोतं काढून फेकलं, उजेड आत घेतला, हात धुतले, माझ्या पोटावर हात ठेवून हळूहळू बाळाला फिरवायला लागल्या. कार्बोलिकचा तो वास आला आणि मला रडूच फुटलं. "बाई, त्या दिवशी मी..."

"बोलायचं तेव्हा बोलली नाहीस," त्या म्हणाल्या, डोळे माझ्या पोटावर. "आता बोलू नको. जोर लाव."

मी जोर लावला. मुलगी रडली तेव्हा दुपार झाली होती. बाईंनी तिला माझ्या छातीवर ठेवलं, नाळ बांधली, आणि मला मेथीचे लाडू किती दिवस खायचे ते सांगून निघून गेल्या. आमच्यात त्या गोष्टीवर झालेलं बोलणं एवढंच.

पुढच्या निवडणुकीला बाईंनी पुन्हा फॉर्म भरला, ह्या वेळी बायकांच्या जागेसाठी नव्हे, साध्या जागेसाठी, पुरुषांसमोर. घरोघर फिरल्या. बायका पाणी द्यायच्या, पदरात तांदूळ घालायच्या, आणि घरातले पुरुष म्हणायचे, "ते बाई उद्या आपल्या देशात चालली जाईन. तिले मत देऊन काय करता?" बाई हे ऐकून संतापायच्या. आयुष्यात त्यांना एवढं चिडलेलं मी पाहिलं नाही. बाजारात उभ्या राहून एकदा ओरडल्या, "माझा देश कोणता ते मला विचारा ना कोणी! दोन हजार वर्षं झाली, अजून किती राहू?" लोक भाजी तोलत राहिले. बाई निवडणुकीत पडल्या.

मी मात्र बायकांच्या जागेवर पुन्हा आले. मग आणखी एकदा. तोपर्यंत ऐंशी साल उलटून गेलं होतं, मी बोलायला लागले होते, थोडं उशिरा, थोडं जास्तच मोठ्याने. बाळंतखोलीचा ठराव मी मांडला, तुमसरला खेटे घातले, भंडाऱ्याला गेले, कचेऱ्यांच्या व्हरांड्यांत दिवस दिवस बसले. खोली झाली. पंचायतीला लागूनच. सिमेंटची जमीन, मोठी खिडकी, आतून कडी. बाई उद्घाटनाला आल्या, खिडकी उघडून पाहिली, झाकून पाहिली आणि घरी गेल्या.

मग खोलीला कुलूप लागलं. वरून नर्स येणार होती, ती आल्यावर उघडायचं. नर्स आली नाही. सहा महिने, वर्ष. खोलीत पंचायतीची सिमेंटची पोती, दिवाबत्तीचे खांब, निवडणुकीच्या पेट्या. किल्ली सरपंचांच्या कमरेला. मी दर सभेत विचारायचे आणि उत्तर मिळायचं, "वरून आदेश आला की उघडू." मला वाटायचं मीच आता मिलकाबाई झालेय, फक्त त्यांच्यासारखं हसता येत नाही.

चैत्रातल्या एका दुपारी, मोहाचा वास गावावर जड होऊन पसरलेला, आमच्या पुऱ्यातल्या लता नावाच्या सुनेला घेऊन चारजणी पंचायतीच्या दारात आल्या. पहिलटकरीण. घरात लग्नाचा मांडव, पाहुणे भरलेले, आडोशाला जागा नाही. मी तिथेच होते. सरपंच भंडाऱ्याला गेलेले, किल्ली त्यांच्याबरोबर. बाई मागून आल्या. आता साठीच्या पुढच्या, गुडघे गेलेले, हातात काठी. त्यांनी कुलूप पाहिलं, मला पाहिलं.

"किल्ली?"

"नाही बाई."

त्यांनी रस्त्याकडे नजर टाकली. ट्रकमधून पडलेला मँगेनीजचा एक दगड नालीच्या काठाला होता. काळा, दिसतो त्यापेक्षा दुप्पट जड. बाईंनी काठी माझ्या हातात दिली, वाकल्या, दोन्ही हातांनी तो उचलला आणि कुलपावर घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कडी तुटून खाली आली. मी पुढे होऊन म्हणाले, द्या, मी करते. "बाजूला हो," त्या म्हणाल्या.

पोती आम्ही सगळ्यांनी मिळून बाहेर ओढली. जमीन धुतली. लताला मुलगा झाला, मोठ्या खिडकीखाली, उजेडात. बाई भिंतीला पाठ लावून खाली बसल्या, पाय पसरले, आणि पहिल्यांदा मला त्या म्हाताऱ्या वाटल्या. चेहऱ्यावर घाम, सिमेंटची पूड, आणि असं काहीतरी, जे मी त्यांच्या चेहऱ्यावर कधीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरपंच परत आले. सरकारी मालमत्तेची मोडतोड, पंचनामा करायचा होता. ग्रामसेवकाने कागद काढला आणि विचारलं, कुलूप कोणी तोडलं? सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, ह्यासाठीच इतकी वर्षं थांबले होते. 

"मी तोडलं," मी म्हणाले.

"नर्सबाई होती म्हनतेत लोक."

"नाही. मी तोडलं. लिहा."

त्यांनी लिहिलं. मी खाली सही केली. मग जवळजवळ पळतच बाईंच्या घरी गेले. त्या खोकं भरत होत्या. तीन आठवड्यांनी त्या निघणार होत्या, भावाकडे, कायमच्या. गुडघ्यांनी शेवटी ऐकलं नव्हतं. मी धापा टाकत सांगितलं, काळजी करू नका बाई, तुमचं नाव कुठेच येऊ दिलं नाही.

बाईंचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या चौकशीच्या दिवशी जे पाहणं त्यांनी टाळलं होतं, ते आता पाहिलं.

"अगो, कुलूप मी तोडलं होतं," त्या म्हणाल्या. "ह्या गावाच्या दप्तरात माझं नाव शेवटचं लागलंय ते गैरहजर म्हणून. जाताना तरी हजर म्हणून लागलं असतं."